स्टिअरिंग जड झालं? आधी अर्थिंग बघा

दाभोळहून धोपाव्याला येणारी फेरीबोट धक्क्याला लागली, फळी पडली, पुढच्या गाड्या उतरल्या आणि एक पांढरी हॅचबॅक जागीच अडली. इंजिन चालू होतं. गृहस्थ मात्र दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लोंबकळत होते. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचं पिवळं चित्र, शेजारी उद्गारचिन्ह, आणि मागे हॉर्नचा कल्लोळ. मी मागेच स्कूटरवर होतो. २२ वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, तेव्हा उतरणं आलंच.

"काका, हे तिसऱ्यांदा," ते म्हणाले. "वर्कशॉपवाले म्हणतात अख्खा कॉलम बदला. चाळीस हजारांच्या घरात जाईल."

कॉलम, म्हणजे स्टिअरिंगपासून खाली जाणारा दांडा आणि त्यावरची मोटर, चांगला होता. बॅटरीच्या मायनसची केबल बॉडीला जिथे बोल्टने धरते, म्हणजे गाडीचं अर्थिंग, तिथे बोल्टाखाली गंज धरला होता. खर्च झाला तो पॉलिश पेपरचा एक तुकडा.

आता हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगला तेल नाही, पट्टा नाही. तुम्ही चाक किती जोराने फिरवताय हे एक सेन्सर बघतो आणि तेवढी मदत मोटर करते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत ही मोटर डॅशबोर्डखाली कॉलमवरच असते. हायवेला ८० च्या वेगात तिला फारसं काम नसतं. गाडी उभी असताना चाक वळवलं की मात्र ती करंट खाते, तोही दहा-वीस अँपिअर आणि त्याहून जास्त. म्हणून बिघाड आधी दिसतो तो पार्किंगमध्ये, आणि वाडीतल्या दोन गडग्यांमधून गाडी काढताना. त्या गृहस्थांनी बोटीत इंजिन बंद करून गाणी लावली होती. बॅटरी थोडी उतरली, उतरताना लगेच चाक वळवलं, गंजलेल्या जोडातून करंट पुरेना, मोटरच्या कंट्रोल युनिटला व्होल्टेज कमी दिसलं आणि त्याने मदत बंद केली.

चालत्या गाडीत असं झालं तर घाबरू नका. चाक आणि टायर यांच्यामधला लोखंडी जोड तसाच असतो, गाडी वळते, फक्त जोर लागतो. कुंभार्ली घाट उतरत असाल तर खालच्या गिअरवर या, वेग कमी करा आणि रुंद जागा बघून बाजूला घ्या. एक गोष्ट कधीही करू नका: चालत्या गाडीची चावी फिरवू नका. स्टिअरिंग लॉक होऊ शकतं, ब्रेकची मदतही जाते. गाडी थांबल्यावर इंजिन बंद करा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा चालू करा. दिवा गेला तर बरं, पण बिघाड गेला असं समजू नका.

दिवा लागलेलाच नाही आणि तरीही चाक जड आहे, तर तो वायरिंगचा विषय नसण्याचीच शक्यता जास्त. टायरमधली हवा बघा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. मग पुढची चाकं जॅकवर उचलून, स्टँड लावून, स्टिअरिंग फिरवा. तसंही जड असेल आणि एका फेरीत दोन ठिकाणी अडखळत असेल, तर कॉलमच्या खालच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळणारा जोड) गंजलाय. खाऱ्या हवेत हे फार. ते मेकॅनिकचं काम.

बराच वेळ इकडून तिकडे पूर्ण वळवत गाडी काढली असेल, तर मोटर तापून स्वतःच मदत कमी करते. दहा-पंधरा मिनिटं गाडी थंड होऊ द्या. हा बिघाडच नव्हे, पण गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या लागल्या की हा प्रश्न मला हमखास येतो.

आता मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, काढा. दोनशे-तीनशेचा चालतो. गाडी रात्रभर उभी होती आणि बॅटरी धडधाकट आहे तर तिच्या दोन खांबांमध्ये १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, १२.२ म्हणजे अर्धी बॅटरी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५. आता एसी, हेडलाइट लावा आणि कुणाला तरी चाक पूर्ण वळवायला सांगा. आकडा क्षणभर खाली येईल, पण साडेबाराखाली जाऊन तिथेच बसला तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), त्याचा पट्टा किंवा बॅटरी तपासायला हवी.

बॅटरी ठीक निघाली तर मग अर्थिंग. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, खांबावरच. दुसरं टोक बॉडीच्या उघड्या धातूवर. पुन्हा चाक वळवायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं की मधला जोड खराब; यालाच व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. तीच तपासणी इंजिन ब्लॉकवर करा, कारण इंजिन आणि बॉडीमधली पट्टीही कुजते. गुहागरला समुद्रापासून चारशे मीटरवर उभी राहणारी गाडी असेल तर ही तपासणी आधी करा, बाकी सगळं नंतर. वरून केबल नवी दिसते, आतल्या तारा हिरव्या पडलेल्या असतात.

साफ करताना आधी मायनस सोडायचा, लावताना मायनस शेवटी. टर्मिनलवरची पांढरी फुलं खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने जातात. बोल्टाखालचा धातू चकचकीत होईपर्यंत घासा, आवळा, आणि वरून व्हॅसलीन फासा. आधी फासलं तर घासल्याचा काय उपयोग!

मग फ्यूज. इंजिनजवळच्या बॉक्समध्ये स्टिअरिंगचा जाड, बहुधा बोल्टने आवळलेला फ्यूज असतो. झाकणाच्या आतल्या चित्रात तो सापडतो. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, मोठा नको आणि तार तर नकोच. पुन्हा उडाला तर थांबा. आत कुठेतरी शॉर्ट आहे. पावसाळ्यात घराशेजारी उभ्या गाडीत उंदीर बॉनेटखाली येऊन बसतात, त्यांनी कातरलेली वायर मी दर वर्षी बघतो.

स्टिअरिंगबरोबर एबीएसचाही (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) दिवा लागला असेल, तर टायरच्या चाकाजवळचा स्पीड सेन्सर बघा. त्याच्या आकड्यावरून स्टिअरिंग मदत किती द्यायची ते ठरवतं. लाल माती आणि चिखल तिथे घट्ट बसतो. बॅटरी नुकतीच बदलली असेल आणि दिवा लागला, तर काही गाड्यांत चाक एकदा पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवलं की जमतं. काहींना स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं मशीनच लागतं.

मोबाइलला जोडणारं स्वस्तातलं स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतं. स्टिअरिंगचा कोड सहसा इंग्रजी सी (C) ने सुरू होतो, तो वाचणारं मशीन मागा. कोड पुसण्याआधी कागदावर लिहून घ्या. पुसून टाकलेला कोड परत मिळवायला गाडी पुन्हा बिघडायची वाट बघावी लागते.

सेकंडहँड गाडी घेताना डॅशबोर्डखालचं कार्पेट उचलून बघा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा पाण्यात गेलेल्या कितीतरी गाड्या नंतर विकल्या गेल्या. अशा गाडीच्या कनेक्टरमध्ये आतून गंज पुढे सरकत राहतो. एक साफ केला की दुसरा डोकं वर काढतो. ती गाडी मी सरळ परत पाठवतो.

कॉलम उघडायला जाऊ नका. पिवळ्या प्लगांना हात लावू नका, ते एअरबॅगचे. व्होल्टेज, अर्थिंग, फ्यूज, कनेक्टर सगळं ठीक असूनही कोड टॉर्क सेन्सर (चाकावरचा जोर बघणारा) किंवा मोटरचाच दाखवत असेल, तर मग कॉलमचा खर्च खरा. त्याआधी वर्कशॉपला विचारा, "अर्थिंगचा व्होल्टेज ड्रॉप किती आला?" आकडा सांगता आला नाही तर त्यांनी मोजलेला नाही.

धोपाव्याच्या त्या गृहस्थांना मी पावसाळ्याआधी, मे महिन्यात, एकदा ये म्हणून सांगितलं. दोन बोल्ट सोडायचे, घासायचे, आवळायचे. आले नाहीत, पण ऑगस्टमध्ये फोन आला: फेरीबोटीत गाणी लावून बसलोय, स्टिअरिंग मऊ आहे.