जुन्या रेल्वे डब्याला रंग देण्याआधी

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी गाडी आली, तिच्या इंजिनांची नावं आमच्याकडे शाळेतली पोरंही सांगतात: साहिब, सिंध, सुलतान. त्यांच्यामागे १४ डबे होते आणि त्यांत ४०० माणसं बसली होती, हे फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. डब्यांच्या नशिबी हेच येतं. इंजिन चौथऱ्यावर चढतं, त्याला कुंपण होतं, फलक लागतो. डबा सायडिंगला पावसात कुजत राहतो.

मी माटुंग्याच्या कॅरेज वर्कशॉपमध्ये पेंटर होतो. निवृत्तीनंतर कळव्यातल्या काही मंडळींबरोबर, त्यात कॉलेजची पोरं आहेत, गृहिणी आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आहेत, ठाण्यातल्या एका शेडमध्ये ठेवलेल्या जुन्या डब्यावर रविवारी श्रमदान करतो. आतून सागाचा सांगाडा, बाहेरून पत्रा, छपरावर कॅनव्हास असा तो डबा आहे. असं काम हाती घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी पद्धत लिहून ठेवतो आहे.

डबा ज्याच्या मालकीचा आहे त्याची लेखी परवानगी घ्या. हे झाल्यावर लगेच पॉलिश पेपर हातात घेण्याची घाई सगळ्यांनाच होते. ती आवरा. जुना रंग म्हणजे त्या डब्याचं सर्व्हिस बुक आहे, आणि ते एकदा खरवडून टाकलं की त्याची दुसरी प्रत कुठेही मिळत नाही. आधी प्रत्येक पॅनेलला खडूने नंबर घाला, त्या नंबरासकट फोटो काढा. हँडल, कडी, पितळी स्क्रू, तावदानाची पट्टी, जे काही निघेल ते पिशवीत घालून त्यावर पॅनेलचा नंबर लिहा.

मग थर वाचायचे. जिथे ऊन आणि माणसांचे हात कमी पोचलेत अशी जागा शोधा: दाराच्या चौकटीची खाच, छपराच्या कडेखालची पट्टी, पाटीच्या मागचा भाग. तिथे रुपयाच्या नाण्याएवढी जागा घ्यायची. ४०० नंबरचा वॉटर पेपर बोटाला गुंडाळायचा, साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे आणि गोल गोल, मधोमध जास्त दाब देत घासायचं. हळूहळू वर्तुळं दिसू लागतात. सगळ्यांत बाहेरचं सर्वांत नवं, मधलं सर्वांत जुनं. शेवटी १००० नंबरचा पेपर फिरवला की कडा स्वच्छ उठतात. आमच्या डब्यावर वर निळा निघाला, त्याखाली विटकरी, त्याखाली गडद चॉकलेटी, मग करडं अस्तर, म्हणजे वरच्या रंगाखालचा थर, आणि तळाला शेंदरी. भिंगातून बघा. दोन थरांच्या मध्ये केसाएवढी काळी रेघ असेल तर ती धुराची आणि धुळीची आहे, म्हणजे त्या रंगात डबा वर्षानुवर्षं धावला. रेघ नसेल तर ते दोन्ही थर एकाच वेळच्या कामातले, अस्तर आणि वरचा हात, म्हणजे रंगाचा लेप. हे न ओळखता थर मोजले तर डब्याचा इतिहास दुप्पट लांब होतो.

अक्षरं सापडली तर तारखा लागतात. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला, त्यामुळे ज्या थरात तीन उभ्या रोमन रेघा दिसतील तो बहुतेक त्याआधीचा. जी.आय.पी. (मध्य रेल्वेच्या आधीची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) अशी अक्षरं निघाली तर ती ५ नोव्हेंबर १९५१ च्या, म्हणजे मध्य रेल्वे स्थापन होण्याच्या आधीची असणार. अक्षराची नुसती कड जरी दिसली तरी तिथलं घासणं थांबवा. त्यावर ट्रेसिंग पेपर लावून शिसपेन्सिल आडवी फिरवा, रंगाचा उंचवटा कागदावर उतरतो. उघडा झालेला रंग त्याच दिवशी जुळवायला जाऊ नका. तेलाचा रंग अंधारात पिवळा पडतो आणि उजेडात थोडा निवळतो. काही दिवस त्याला उजेड लागू द्या, मग पाण्याचा थेंब लावून, ट्यूबलाइटखाली नव्हे तर उघड्या आभाळाखाली, आयएस ५ या रंगछटांच्या भारतीय मानकाच्या शेडकार्डाशी ताडून बघा.

आणि काही झालं तरी निदान हातभर रुंद पट्टा दाराआड, छपरापासून तळापर्यंत, न खरवडता तसाच ठेवा. उद्या कुणी आपल्यापेक्षा जाणकार येईल, त्याला तो लागेल.

आता शिसं या विषारी धातूबद्दल. इथे मी कुणाचं ऐकून घेत नाही. जुन्या अस्तरात शेंदूर, पांढऱ्यात सफेदा, पिवळ्यात क्रोम, या सगळ्यांत शिसं असतं. म्हणून ग्राइंडर नाही, कोरडा पॉलिश पेपर नाही, रंग जाळून काढायचा ब्लोलॅम्प तर मुळीच नाही. पृष्ठभाग ओला ठेवूनच पत्तीने खरवडायचं. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, निदान एन-९५ हवा, फिल्टरवाला रेस्पिरेटर असेल तर उत्तम. शेडमध्ये चहा-वडापाव बंद. कामाचे कपडे वेगळ्या पिशवीत न्यायचे आणि वेगळे धुवायचे. लहान मुलं आणि गरोदर बायका यांना या टप्प्यात शेडमध्ये येऊ द्यायचं नाही. जमिनीवर प्लास्टिक अंथरून सगळा खरवडा गोळा करायचा, पिशवीवर काय आहे ते लिहायचं. तो पालिकेच्या कचऱ्यात टाकायचा नाही. तळोज्याला घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारं केंद्र आहे, डब्याच्या मालक संस्थेमार्फत तिकडे पाठवायची सोय आधीच करून ठेवा. दुहेरी पत्र्याच्या भिंतीत किंवा पाइपांभोवती तंतूंचं, राखाडी-पांढरं काही भरलेलं दिसलं तर काम तिथल्या तिथे बंद करा. ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याचे तंतू श्वासातून आत गेले तर घातक, आणि ते काढणं हौशी माणसांचं काम नाही.

दुरुस्ती वरून खाली करत यायची. छपराचा कॅनव्हास फाटलेला असेल तर खाली कितीही सुंदर रंग द्या, एका पावसाळ्यात फुगून येईल. छप्पर झालं की खिडक्या. वर-खाली सरकणारी झडप ज्या पोकळीत उतरते तिच्या तळाला पाणी जायला भोक असतं. प्रत्येक रंगकामात त्यावर एक हात बसत गेलेला असतो आणि भोक बुजलेलं असतं. पाणी आत साचतं आणि खालची सागाची तुळई आतून मऊ होते. बाहेरून काही कळत नाही. टोच्याने हळूच टोचून बघा, मुठीने ठोका. चांगला साग खणखणीत बोलतो, कुजलेला बद्द वाजतो. कुजलेला भाग तेवढाच कापून, तिरका सांधा घेऊन जुना साग बसवायचा. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड वखारीत मिळतं, त्याला माझी पसंती नव्या लाकडापेक्षा जास्त. हे काम सुताराकडूनच करून घ्या, त्याची मजुरी वर्गणीतून काढा. बुजलेलं भोक मात्र तुम्ही स्वतः मोकळं करा.

ठाण्यात हवा हाच मोठा शत्रू आहे. खाडीवरून येणारा खारा वारा पत्र्यावर मीठ सोडतो. ते डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्यावर रंग मारला तर खालून गंज धरतो. त्यामुळे अस्तराआधी पत्रा गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, पूर्ण वाळवायचा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगाचा डबा उघडायचा नाही, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागतं त्यापेक्षा, निदान ३ अंशांनी जास्त हवं. आर्द्रता मोजायचं साधं यंत्र विकत घेऊन शेडमध्ये टांगा. माझ्या मते नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस रंगाचे. त्यातही सकाळी पत्र्यावर दव असतं, म्हणून दहानंतर सुरू करून चारला थांबायचं. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या पत्र्यावर ब्रश ओढला की रंग ओढून येतो. पावसाळ्यात पितळ घासा, आतलं सुतारकाम करा.

उघडा केलेला पत्रा रात्रभर तसा सोडू नका, सकाळी त्यावर तांबूस साय आलेली असते. जेवढा उघडाल तेवढ्यावर त्याच दिवशी झिंक फॉस्फेट अस्तर मारा. मग लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. ती जाड भरायचा मोह होतो, पण जाड लांबी तडकते. पातळ भरा, वाळू द्या, पाण्याने घासा, परत भरा. हाताचा तळवा डोळे मिटून फिरवायचा, डोळ्यांना न दिसणारा खड्डा तळव्याला कळतो. त्यावर अंडरकोट आणि मग वरचे दोन-तीन पातळ हात. पॅनेलवर दोघांनी उभं राहायचं, एकाने रंग पसरत जायचं आणि दुसऱ्याने लगेच मागोमाग कोरड्या टोकाने वरून खाली हलके उभे हात सोडायचे. जोड नेहमी पट्टीवर यावा, पॅनेलच्या मध्ये नाही. चहासाठी थांबायचं असेल तरी पॅनेल संपवून थांबा.

नंबर आणि अक्षरं हातानेच काढा. कापलेली स्टिकर अक्षरं लावलेला डबा मला बघवत नाही. ट्रेसिंगवरून कागदावर नीट आराखडा करा, त्याच्या रेघांवर टाचणीने जवळजवळ भोकं पाडा, कागद डब्यावर चिकटवा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटा. ठिपके उमटतात. त्यांवरून लांब केसांच्या ब्रशने अक्षर भरायचं, मनगट दुसऱ्या हातातल्या काठीवर टेकवून. हे काम सर्वांत सोपं दिसतं आणि सर्वांत जास्त सराव मागतं. पोरांना आधी जुन्या पत्र्यावर महिनाभर गिरवायला लावा.

उरलेला रंग लहान डबीत घट्ट बंद करून त्यावर शेड, कंपनी आणि तारीख लिहून ठेवा. कुठल्या पॅनेलला कोणता रंग, किती हात, कुणी मारले, हे वहीत नोंदवा आणि वही डब्यातच ठेवा. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की आधी छप्पर तपासा, मग खिडक्यांची भोकं तारेने साफ करा. जिथे रंगाला फोड आला असेल तिथे नुसता वरून हात मारू नका, फोड उघडून पाणी कुठून आलं ते शोधा.