‘घरे बाइरे’ची बाजू घ्यायची असेल तर

आधी एक सांगतो, सत्यजित रायांच्या नावावर भांडायला जाऊ नका. मी हीच चूक केली होती. अमळनेरला माझं कापडाचं दुकान आहे. थंडीत आमची मंडळी शेतावर भरीत करते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती आणि एक निवृत्त प्राध्यापक मित्र म्हणाला, "रायांनी टागोरांच्या कादंबरीची पार वाट लावली." मी तडकून म्हणालो, "अहो, राय आहेत ते!" झालं, तिथंच हरलो. मोठ्या माणसाचा सिनेमा म्हणून तो चांगला, हे काही उत्तर नव्हे. वांगी सोलणारा माझा चुलतभाऊ तर सरळ म्हणाला, "भो, त्या पिच्चरमा काय शे?"

‘घरे बाइरे’ हा रायांचा सिनेमा १९८४चा, टागोरांच्या त्याच नावाच्या कादंबरीवरचा. लोकांना रायांचे ‘पथेर पांचाली’ आणि ‘चारुलता’ आठवतात, हा मागे राहतो. बडबडा आहे, घराबाहेर पडतच नाही, बाई सुंदर नाही, अशा तीन-चार तक्रारी ठरलेल्या असतात. त्यांची उत्तरं आधी तयार ठेवा.

पहिलं काम म्हणजे समोरच्याने कादंबरी नेमकी कोणती वाचलीय ते विचारणं. मूळ बंगाली पुस्तक १९१६चं, म्हणजे आमच्या अमळनेरची तत्त्वज्ञानाची संस्था, तत्त्वज्ञान मंदिर, ज्या साली सुरू झाली त्याच सालचं. (हा योगायोग मी प्रत्येक वादात घुसडतो, त्याचा काही उपयोग होत नाही.) इंग्रजी अनुवाद सुरेंद्रनाथ टागोरांचा, १९१९चा. कादंबरी बिमला, तिचा जमीनदार नवरा निखिलेश आणि नवऱ्याचा पुढारी मित्र संदीप या तिघांच्या तोंडून येते. त्यात संदीप आपली लबाडी आपल्याच शब्दांत वाचकापुढे उघडी करतो. सिनेमात ही सोय नाही. तो माणूस आतून कसा आहे, ते बाहेरूनच ओळखावं लागतं. "कादंबरीतली खोली गेली," असं कोणी म्हणालं की सिगारेटीकडे बोट दाखवा. परदेशी मालाची होळी करा म्हणून गावभर सांगणाऱ्या संदीपला परदेशी सिगारेट सुटत नाही. माझ्या मते कादंबरीतल्या पाच पानांचं काम ती सिगारेट करते.

आणि ती ओढतो कोण? सौमित्र चॅटर्जी. ‘अपूर संसार’मधला अपू, ‘चारुलता’मधला अमल. ज्याच्यावर बंगाली प्रेक्षक पंचवीस वर्षं जीव टाकत आला, त्यालाच रायांनी संदीप केलं. बिमला जशी भुलते तसेच आपणही भुलावं, म्हणून. पहिल्या भाषणात त्याचा आवाज चढतो तेव्हा समोर बसलेल्यांकडे बघा. माझ्याकडे दाखवला तेव्हा दोघांनी चक्क मान डोलावली होती. तो क्षण लक्षात ठेवा, पुढे वादात कामाला येतो.

गाण्यांचंही सांगा. संदीपच्या तोंडी रवींद्रनाथांचं १९०५च्या स्वदेशी चळवळीतलं गाणं आहे, आणि आवाज किशोरकुमारचा. किशोरकुमार खंडव्याचा, भुसावळहून गाडीत बसलं की दोन-अडीच तासांत पोचतो आपण. खानदेशात एवढं सांगितलं की निम्मा विरोध गळून पडतो. पण खरा मुद्दा पुढे आहे. टागोर स्वदेशीचे शत्रू नव्हते. १६ ऑक्टोबर १९०५ला, बंगालच्या फाळणीच्या दिवशी, त्यांनी हिंदू-मुसलमानांच्या हातांना राख्या बांधायला लावल्या होत्या. त्यांचं तेच मनापासूनचं गाणं रायांनी लबाडाच्या गळ्यात घातलं. गाणं खरं आणि गाणारा खोटा, ही गंमत पुस्तकात ऐकू येत नाही.

बाई सुंदर नाही, या तक्रारीवर चिडू नका, पुस्तक उघडा. बिमला सुरुवातीलाच स्वतःच्या सावळ्या रंगाबद्दल बोलते. ती रूपाने नाही, सुलक्षणी म्हणून त्या घरात आलेली सून आहे. बिमला झालेली स्वातीलेखा नाटकातली नटी होती, आणि रायांनी निवड पुस्तकाला धरूनच केलीय. तक्रार करायचीच तर टागोरांकडे करा.

माझा खरा मुद्दा मात्र दुकानातला आहे. निखिलेश आपल्या बाजारात विलायती कापड बंद करायला नकार देतो. का? ते स्वस्त आहे, गरिबाला तेच परवडतं, आणि ते विकणारे बहुतेक गरीब मुसलमान आहेत. लोक याला जमीनदाराचा मवाळपणा म्हणतात. गल्ल्यावर बसून बघा. माझ्याकडून ताके उधारीवर नेऊन आठवडे बाजारात बसणारे फेरीवाले आहेत. मारवड, पातोंडा, पारोळा करत फिरतात. मीटरमागे चार-पाच रुपये सुटतात. उद्या कोणी येऊन म्हणालं, हा माल देशद्रोही, जाळा, तर पुढाऱ्याचं काय जाईल? आमच्या गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून प्रताप शेठांची कापड गिरणी होती, स्वदेशी आमच्या अंगावर होती. तरी भावाचा प्रश्न उरतोच. हा सिनेमा देशभक्तीच्या विरोधात नाही. तिचं बिल कोणाच्या नावावर फाडलं जातं, एवढंच तो विचारतो.

कोणी जास्त शिकलेला असेल तर लुकाच काढेल. त्या हंगेरियन टीकाकाराने १९२२ साली कादंबरीवर सडकून लिहिलं आणि संदीपमध्ये त्याला गांधीजींचं विद्रूप चित्र दिसलं. उत्तर सोपं आहे: गांधीजी आफ्रिकेहून परतले जानेवारी १९१५ला, आणि गोष्ट आहे १९०५च्या आसपासची. एवढं सांगून गप्प बसा.

काही गोष्टी कबूल करा, नाहीतर कोणी विश्वास ठेवणार नाही. मधला तास जड जातो. शेवटाकडची हिंदू-मुसलमान दंगल जवळजवळ पडद्याबाहेरच होते. चित्रीकरणाच्या काळात रायांना हृदयविकाराचा झटका आला आणि उरलेलं काम मुलगा संदीप राय याने त्यांच्या सूचनांवरून पुरं केलं. पण ही सबब म्हणून सांगू नका. आजाऱ्याला सवलत मागितल्यासारखं दिसतं. त्याऐवजी हे सांगा की या कादंबरीची पटकथा त्यांनी ‘पथेर पांचाली’च्याही आधी लिहून पाहिली होती. माणूस पस्तीसेक वर्षं एका गोष्टीभोवती घुटमळत होता.

शेवटासाठी दम राखून ठेवा. पुस्तकात निखिलेश डोक्याला जबर मार लागून परत येतो, जगतो की नाही ते टागोर सांगत नाहीत. राय त्याला मारतात. प्राध्यापकाचा सगळा राग यावरच होता. मी त्याला बिमलाची विधवा जाऊ आठवायला सांगितली. ती पांढऱ्या साडीत पहिल्यापासून घरात वावरत असते आणि आपलं तिच्याकडे लक्ष नसतं. शेवटी बिमला तशीच उभी राहते, एकात एक विरघळणाऱ्या चित्रांतून, रंग उतरत उतरत. निखिलेशने बायकोला हाताशी धरून रंगीत काचांच्या गल्लीतून बाहेरच्या दिवाणखान्यात आणलं होतं. तो गेला आणि ती फिरून अंतःपुरात, जावेच्या जागेवर. टागोरांनी दार उघडं ठेवलं. १९०५च्या विधवेला ते उघडं नव्हतं, हे राय सांगतात. प्राध्यापक म्हणाला, "हे पटत नाही." पण जाऊ त्याला आठवत नव्हती, हे त्याने मान्य केलं.

आता दाखवायचा कसा. सिनेमा दोन तास वीस मिनिटांचा, बंगाली, खाली इंग्रजी अक्षरं. जेवणानंतर अजिबात लावू नका, भरताने डोळे मिटतात. मी दुकानाच्या माडीवर, सुटीच्या दिवशी सकाळी लावला. अडेल तिथं थांबवून मराठीत सांगत गेलो. चहा बिमला दिवाणखान्यात येऊन गेल्यावर द्या, आधी नको. तिचं ते चालत येणं कोणाचं चुकता कामा नये. चुंबनाच्या प्रसंगी आपण खोकू नये.

त्या दिवशी माझ्याकडून माल नेणारा एक फेरीवाला हिशोबाला आला होता, तो मागे बसून राहिला. बंगाली नाही, इंग्रजी नाही, पोत्यावर बसून शेवटपर्यंत बघितलं. दिवा लागल्यावर प्राध्यापक कादंबरीच्या रचनेवर बोलत होता. हा उठला, पिशवी खांद्याला लावली आणि मला विचारलं, "शेठ, त्या बाजारवाल्यांचा माल नासला, तो रोखीचा होता का उधारीचा?"