पॉकेट वॉचची मूळ डबी: ओळखावी कशी, सावरावी कशी

माझ्या हाती पहिली डबी आली तेव्हा तिच्यात घड्याळ नव्हतं, बाळाचे वाळे होते. झाकणाच्या आतल्या पिवळट साटनवर मुंबईतल्या एका घड्याळांच्या पेढीचं नाव सोनेरी अक्षरांत होतं आणि खाली मखमलीत गोल खळगा. घड्याळ कधीच विकलं गेलं होतं. ते कुणी आणि कोणत्या दुकानातून घेतलं होतं, याचा घरात उरलेला पुरावा ती डबी एवढाच होता. यंत्रावर बनवणाऱ्याचं नाव असतं, विकणाऱ्याचं नाव मात्र अनेकदा फक्त डबीवर सापडतं. म्हणूनच डबी नवीकोरी करण्याच्या फंदात मी पडत नाही. तिची झीज थांबवायची, एवढंच काम.

आधी 'मूळ' म्हणजे काय ते ठरवा

इथे नवखे संग्राहक हमखास फसतात. वॉल्थम, एल्जिन, हॅमिल्टन हे अमेरिकन कारखाने १९२०च्या आसपासपर्यंत बहुतेक यंत्रं केसशिवायच, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाशिवायच, विकत. यंत्र पत्र्याच्या लहान गोल डबीतून जवाहिऱ्याकडे जाई. गिऱ्हाईक केस वेगळी निवडी, जवाहिरा दोन्ही जोडून देई आणि वर आपल्या दुकानाची डबी. त्यामुळे १८९०च्या वॉल्थमसोबत कुणी कारखान्याचं नाव छापलेली झगझगीत डबी दाखवली, तर सावध व्हा. त्या घड्याळाची खरी डबी जवाहिऱ्याचीच असणार. आपल्याकडेही तेच. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६पासून मुंबईतून स्विस घड्याळं विकत होती आणि तिच्या तबकड्यांवर 'बॉम्बे' आणि 'कलकत्ता' ही नावं असत. अशा घड्याळाला मुंबईची डबी शोभते, जिनिव्हाची नाही.

डबीचं वय काढा

दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि अतिनील टॉर्च एवढं पुरे. पत्ता नीट वाचा. लंडनच्या पत्त्यात नुसतं 'ई.सी.' नसून 'ई.सी. १' असा आकडा असेल, तर ती डबी १९१७ नंतरची, कारण आकडे तेव्हा आले. भारतातल्या पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. ब्रिटिश डबीवर 'आर.डी. नंबर' म्हणजे नोंदणीकृत नक्षीचा क्रमांक असेल, तर ती १८८४च्या आधीची असू शकत नाही. बिजागरीला अधिक चिन्हाचे स्क्रू दिसले तर ते १९३०नंतरचे, म्हणजे दुरुस्ती झालेली आहे किंवा डबीच तेव्हाची आहे. खळग्याशेजारी किल्लीची छोटी खाच असेल तर डबी किल्लीच्या घड्याळाची. मुकुट, म्हणजे वरची बारीक फिरकी, फिरवून चावी द्यायच्या घड्याळाला ती खाच कशाला लागेल?

आता अंधारात टॉर्च मारा. अस्तर किंवा कागद निळसर पांढरा चमकला, तर त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर रुळलेलं चकाकी आणणारं रसायन आहे. अस्तर बदललेलं असेल किंवा डबीच नवी असेल.

मग खळगा मोजा. अमेरिकन १६ साइझचं यंत्र ४३.१८ मिलिमीटर, १८ साइझचं ४४.८७. केस याहून मोठी, म्हणून खळग्याचं माप नेहमी केसच्या बाहेरच्या व्यासाशी ताडून बघा. आपलं घड्याळ सोबत न्या आणि ठेवून पाहा. दाबून बसवावं लागलं तर ती जोडी नव्हे.

शोधायचं कुठे

मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार आहेतच. पण माझा भरवसा जुन्या घड्याळजींच्या खणांवर जास्त आहे. तिथे रिकाम्या डब्यांत सुटे भाग ठेवलेले असतात. "डबी विकता का?" असं न विचारता "सुटे भाग दुसऱ्या डबीत काढून देता का, नवी डबी मी आणतो," असं म्हणून पाहा.

घरी आणल्यावर

चारही बाजूंचे आणि आतले फोटो काढा. लाकडाला बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर किडा आहे. डबी टिश्यूत गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८-२० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, घरच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर ओलावा थेट डबीवर धरेल. बुरशी असेल तर मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झटका.

बाहेरचं आवरण

आधी झिजलेला कोपरा भिंगाखाली पाहा. तंतू दिसले तर चामडं, विण दिसली तर कापड, भुसभुशीत लगदा दिसला तर चामड्यासारखा उठाव दिलेला कागद. स्वस्त डब्या बहुतेक कागदाच्या, आणि त्यांना ओलं फडकं लागलं की संपलं.

चामड्यावर बोट फिरवून लालसर भुकटी निघाली, तर चामडं आतून कुजतं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सालींच्या अर्काने कमावलेल्या चामड्याला हवेतल्या गंधकाच्या धुरामुळे हा आजार जडतो. अशा चामड्याला पाणी लावलं की ते काळं आणि टणक होतं. तेल आणि बुटाचं पॉलिशही नकोच. हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोजची पूड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोन टक्के विरघळवून मऊ ब्रशने पातळ हात द्या, वाळू द्या, लागलं तर आणखी एक हात. आधी तळाच्या कोपऱ्यावर करून बघा, रंग उतरतो का ते कळेल. सोनेरी अक्षरांपासून ब्रश लांब ठेवा.

उघडे पडलेले कोपरे सांधायला पातळ जपानी कागद जलरंगाने आवरणाशी जुळवून घ्या. चिकटवायला गव्हाचा चीक, तोच कुरडयांचा, पण मीठ, हिंग, पापडखार काही न घालता. गहू भिजवून, वाटून, गाळून, रात्रभर निवळून वरचं पाणी काढा. एक भाग चिकात पाच भाग पाणी घालून पारदर्शक होईपर्यंत वीसेक मिनिटं मंद आचेवर ढवळा, गार झाल्यावर चाळणीतून घोटा. ही खळ चार दिवस फ्रिजमध्ये टिकते, आंबट वास आला की फेकून द्या. कुजक्या चामड्यावर ती लावायची असेल तर आधी वरचा अल्कोहोलचा हात झालेलाच हवा.

बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, किडा लागू नये म्हणून. इथे ते नको, तांब्याचा क्षार रेशीम आणि चामडं दोन्ही खातो. लाकडाचे सांधे सुटले असतील तर सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा डिंक, वापरा, पाण्याच्या भांड्यात ठेवून साठ अंशांच्या आसपास गरम केलेला, उकळलेला नव्हे. जुना सांधाही बहुधा सरसाचाच असतो, म्हणून नवा त्याला धरतो आणि उद्या कुणाला सोडवायचा झाला तर गरम पाण्याने सुटतो. पांढरा सिंथेटिक डिंक असा सुटत नाही.

अस्तर

मला सर्वात जास्त भीती इथेच वाटते. त्या काळातलं बरंचसं रेशीम जड करण्यासाठी धातूंच्या क्षारांत बुडवलेलं असे. ते आता घडीघडीला आपोआप फाटतं. त्याला ओढू नका, चिकटवू नका. वर रेशमाची अगदी विरळ जाळी ठेवून कडेला चार टाके घाला. छापलेलं नाव जाळीतून दिसतं. अस्तर पूर्ण गेलं असेल तर नवं कापड वेगळ्या पुठ्ठ्यावर चढवून आत बसवा आणि जुन्याचे सगळे तुकडे पाकिटात घालून त्या पुठ्ठ्याखाली ठेवा.

मखमल दबली असेल तर वाफेवर हातभर अंतरावर काही सेकंद धरा आणि मऊ ब्रशने लव उभी करा. मी एकदा घाई केली, मखमल ओली झाली आणि रंग साटनमध्ये उतरला. तो डाग अजून आहे.

बिजागरी आणि कळ

चामड्यातली चरबी आणि पितळ यांच्या संगतीने हिरवा मेणासारखा थर चढतो. तो लाकडी दातकोरणीने खरवडा. चिंच-मीठ लावू नका, आम्ल चामड्याखाली झिरपतं. स्वच्छ पितळेवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरे. बिजागरीची तार तुटली असेल तर तेवढ्याच जाडीची पितळी तार घाला, पोलादी नको.

ठेवायचं कसं

पावसाळ्यात आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशीची वेळ झाली. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ५० टक्क्यांच्या आसपास राखा, आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकच्या, भागांना कापराचा वास येत असेल तर ती डबी इतरांपासून वेगळी ठेवा, कारण कुजताना सेल्युलॉइड आम्लाच्या वाफा सोडतं. आणि घड्याळ डबीत कायम ठेवू नका. लोकरीच्या जुन्या अस्तरातून निघणाऱ्या गंधकाने चांदी काळवंडते. घड्याळ वेगळं, डबी वेगळी, दाखवायच्या दिवशी एकत्र.

डबीच्या तळाला एक सुटी चिठ्ठी ठेवा: काय दुरुस्त केलं, कशाने, कधी. आणि घड्याळ एकीकडून, डबी दुसरीकडून आली असेल तर तेही त्यावर लिहा. विकताना ती चिठ्ठी सोबत द्या.