आधी यार्ड, मग बोट: मुंबईत राहून ग्रीसमध्ये शिडाची बोट सांभाळायची तर

आमच्या बोटीबद्दल कळलं की लोक पहिल्यांदा किंमत विचारतात. मी उलट विचारते: तुम्ही पार्ल्यात बसलेले असताना वर्षातले नऊ-दहा महिने बोट कुठे उभी राहणार? याचं उत्तर असल्याशिवाय बोटींचे फोटोसुद्धा बघू नका. मी सीए आहे, नवरा सुहास इंजिनियर. त्याचं मन शिडात, माझं कागदात. दोघांचं एकमत झालं ते यार्डवर.

आम्ही प्रेवेझा निवडलं, ग्रीसचा पश्चिम किनारा. समोर अ‍ॅक्टिओला विमानतळ आणि त्याच्या जवळच बोटी जमिनीवर ठेवणारी मोठी यार्ड. पूर्वेकडच्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी वारा दिवसचे दिवस सोसाट्याने वाहतो. आयोनियन बाजूला, म्हणजे आमच्या पश्चिम किनाऱ्याला, बहुधा दुपारनंतरचा समजूतदार वारा असतो. साठीच्या जोडप्याला हाच बरा. शिवाय हंगाम आपल्याला सोयीचा. मुंबई हार्बरमध्ये जूनला बोटी वर येतात आणि कोळीवाडे नारळी पौर्णिमेची वाट पाहतात, तेव्हा तिथे पाणी गजबजलेलं असतं. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोटी पाण्यात उतरतात, तेव्हा तिथल्या वर चढतात.

भारतीय पासपोर्टवर शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत (ग्रीस त्यातलाच), कुठल्याही १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं. दोन किंवा पाच वर्षांचा व्हिसा मिळाला तरी हा हिशेब सुटत नाही. त्यामुळे एक लांब मुक्काम मे-जूनमध्ये आणि उरलेले दिवस सप्टेंबरमध्ये, अशी विभागणी आम्हाला जमते. ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले असतात. तो महिना पार्ल्यातच काढावा.

आता बोटीचा कर. इथे दोन रस्ते आहेत. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या मालकाची, संघाबाहेरच नोंदलेली बोट व्हॅट न भरता १८ महिने तिथे राहू शकते. मुदत संपण्याआधी ती संघाच्या पाण्याबाहेर, म्हणजे अल्बानिया, मॉन्टेनेग्रो किंवा तुर्कस्तानात नेऊन परत आणायची आणि गेल्याचे कागद जपायचे. पण या सवलतीतली बोट भाड्याने देता येत नाही आणि तिथे राहणाऱ्या मित्राला 'घे, फिरवून आण' असंही म्हणता येत नाही. दुसरा रस्ता म्हणजे आधीच व्हॅट भरलेली जुनी बोट खासगी मालकाकडून घेणं. मग १८ महिन्यांचं घड्याळ चालत नाही. मी डोळे झाकून दुसरा सुचवते, पण व्हॅट दाखवणारं मूळ बिल हातात आल्यावरच. 'भरलाय हो, सगळ्यांना माहीत आहे' हे ब्रोकरचं वाक्य कस्टमला चालत नाही. नवी बोट ग्रीसमध्ये घेतली तर व्हॅट २४ टक्के, क्रोएशियात २५.

पैसे एलआरएसमधून, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून जातात: माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. या कामासाठी कर्ज काढून पैसे पाठवता येत नाहीत. १० लाखांच्या वर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो पुढे आयकरात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. ४० लाखांची बोट एकट्याने एकाच वर्षात घेतली तर सहा लाख अडकले. नवरा-बायको दोघांनी मार्चमध्ये दहा-दहा आणि एप्रिलमध्ये दहा-दहा पाठवले, तर काहीच नाही. विकणाऱ्याला हे हप्ते मान्य हवेत, आणि दोघांचे पैसे जाणार असतील तर बिल ऑफ सेलवर दोघांचीही नावं हवीत.

परदेशात कंपनी काढून तिच्या नावावर बोट घ्या, असा सल्ला कुणी देईल. सुखाने राहायचं असेल तर नको. निव्वळ हौसेची कंपनी आपल्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांत बसवताना नाकी नऊ येतात. ब्रिटनचं छोट्या बोटींचं रजिस्टर स्वस्त म्हणून प्रसिद्ध आहे, पण ते तिथल्या रहिवाशांपुरतं. कुठला ध्वज, म्हणजे कुठल्या देशाची नोंदणी, चालेल हे आधी विमा कंपनी आणि यार्डकडून लेखी घ्या.

बोट तपासून देणारा सर्व्हेयर स्वतः शोधा; ब्रोकरने सुचवलेला नको. साधारण दहा टक्के इसार देऊन बोट पाण्याबाहेर काढायची, खर्च आपला. माठ घेताना टिचकी मारून बघतात तसा तो हातोडीने तळ ठोकत जातो, मग ओल मोजतो. फायबरमध्ये पाणी मुरून फोड आले असतील तर भाव करा किंवा उठून या. डोलकाठीच्या तारा दहा वर्षांच्या झाल्या की विमावाले बदलायला सांगतात. सेलड्राइव्ह (इंजिनाची ताकद तळातून खाली पंख्याकडे नेणारा भाग) असेल तर त्याचं रबरी डायफ्रॅम कधी बदललं ते विचारा; इंजिनं बनवणारी व्होल्वो पेन्टा सात वर्षं सांगते.

वर्षाचा खर्च बोटीच्या किमतीच्या दहा टक्के धरायचा, असा जुना ठोकताळा आहे. यार्ड, विमा, तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा अँटिफाउलिंग रंग हे त्यातच. तेपाई, म्हणजे ग्रीसच्या पाण्यात फिरणाऱ्या बोटींवरचा कर, वेगळा. १० ते १२ मीटरच्या बोटीला महिना ३३ युरो.

परत निघताना शिडं उतरवून कोरडी ठेवा, इंजिनात गोडं पाणी फिरवून अँटिफ्रीझ भरा आणि डिझेलची टाकी काठोकाठ भरा, नाहीतर रिकाम्या जागेत दव धरतं. आयोनियनमध्ये हिवाळ्यात भरपूर पाऊस पडतो. राखणदाराला दर महिन्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागा, पण बाहेरून नव्हे. फळी उचलून बिल्जचा, म्हणजे तळाशी पाणी साठतं त्या जागेचा. बाहेरून सगळ्याच बोटी छान दिसतात.

मुंबईला आणायचं स्वप्न असेल तर आयात शुल्क आणि वर ४० टक्के जीएसटी आधी मांडून बघा. आम्ही बेरीज केली आणि मांडव्याला फेरीनेच जातो.

दरवर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए भरा, जानेवारी ते डिसेंबरच्या हिशेबाने. आयटीआर-१ चालत नाही. एकूण २० लाखांच्या वरची जंगम मालमत्ता दडवली तर २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख दंड होऊ शकतो. बोट विकली तर आलेलं परकीय चलन पुन्हा गुंतवा किंवा १८० दिवसांत भारतात आणा, आणि विकली त्या वर्षीही शेड्यूल एफए भरा: त्या वर्षात एक दिवस जरी ती तुमची असली, तरी दाखवावीच लागते.