नेपाळला मिशन ट्रिपला निघालात? निदान या चुका टाळा

सुट्ट्या जवळ आल्या की चर्चच्या तरुण संघातली पोरं विचारायला लागतात, "नेपाळला सेवेला जायचंय, सोबत काय काय न्यायचं?" मी उलट विचारतो, बोलावलंय कोणी? तिथे निम्मी गप्प होतात. व्हिसा लागत नाही, मनमाडला कुशीनगर एक्स्प्रेस पकडली की थेट गोरखपूर, तिथून बसने सोनौलीची सीमा, आणि पलीकडच्या पाट्याही देवनागरीत. एवढ्यावरून लोकांना वाटतं, आपण शेजारच्या तालुक्यातल्या शिबिरालाच चाललोय.

तो परदेश आहे आणि तिथला कायदा वेगळा आहे. नेपाळच्या 2015 च्या संविधानातल्या कलम 26 नुसार दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. 2018 पासून लागू असलेल्या अपराध संहितेत त्यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा संपल्यावर 7 दिवसांत देशाबाहेर काढतात. हा कायदा बरा की वाईट यावर आपल्याकडे चहा पीत तासभर बोलता येतं. तिथल्या पाळकाला, म्हणजे मंडळी (चर्च) सांभाळणाऱ्याला, मात्र रोज त्याच्याखालीच राहायचं असतं.

फोन बाहेर काढायची घाई

या एका चुकीवर मी सगळ्यात जास्त चिडतो.

धादिंग जिल्ह्यातलं तामाङ लोकांचं एक गाव. डोंगराच्या कडेला पत्र्याची प्रार्थनागृहं असतात तसंच एक. आमच्या गटाने तिथे बीपी-शुगर तपासायचं शिबिर घेतलं. गावातले बौद्ध आले, हिंदू आले, सगळेच आले. दुसऱ्या दिवशी उपासना झाली. गटातल्या एका हौशी पोराने दोन्ही दिवसांची मिळून एक रील केली. आधी औषधाची रांग, मग हात वर करून प्रार्थना करणाऱ्या बाया, मग पाळकांचा चेहरा, आणि शेवटी गावाच्या नावाची पाटी. खाली कॅप्शन, 'अख्ख्या गावाने प्रभूला स्वीकारलं!' स्वीकारलं कोणीच नव्हतं. बायका होत्या त्या मंडळीच्याच जुन्या विश्वासणाऱ्या.

ती रील पाहिली कतारमध्ये कामाला असलेल्या त्या गावच्याच एका तरुणाने. त्याने ती घरी पाठवली, घरून ती वॉर्डातल्या पुढाऱ्यांकडे गेली. आम्ही नगरला पोहोचेपर्यंत पाळकांना चौकीवर बोलावणं आलं होतं. औषध दाखवून धर्म बदलायला लावता का, हा प्रश्न. पाळक शिबिराचं रजिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेले आणि पानं उलटून दाखवत बसले: ही बघा लामाची आई, हे शाळेचे हेडसर, हे तुमच्याच हवालदाराचे सासरे. संध्याकाळी सोडलं त्यांना. पण खालच्या गावात ठरलेलं डोळ्यांचं शिबिर गेलं ते गेलंच, कारण कोणी जागाच देईना. रीलवाल्याने रील काढून टाकली आणि फोनवर म्हणाला, "मी प्रार्थना करतोय त्यांच्यासाठी." काय बोलणार?

तेव्हापासून माझ्यासोबत येणाऱ्यांचे फोन गावात शिरतानाच एका पिशवीत जातात आणि पिशवी पाळकांच्या घरी राहते. फोटो एकच जण काढतो, निघण्याआधी ते पाळकांना दाखवतो, आणि ते ज्यावर बोट ठेवतील ते तिथेच डिलीट करतो. माणसाचा चेहरा आणि गावाचं नाव एकत्र कधीच जात नाही. दुसरा नियम त्याहून कडक आहे. जो औषध किंवा तांदूळ वाटतो, त्याच्या खिशात धर्मप्रचाराची पत्रिका नसते. गोळी घेणाऱ्याला "तुमच्यासाठी प्रार्थना करू का" असं त्याच दमात विचारायचं नाही. पोरांना हे कचखाऊपणाचं वाटतं. वाटू दे.

आपला कार्यक्रम छापून नेणं

दहा दिवसांचं वेळापत्रक इथून टाइप करून नेणाऱ्यांनी तानसेनच्या मिशन हॉस्पिटलची गोष्ट वाचावी. बुटवलहून पोखऱ्याच्या जुन्या रस्त्यावर ते अजून उभं आहे. 1949 मध्ये मसुरीच्या शाळेतले अमेरिकन शिक्षक रॉबर्ट फ्लेमिंग पक्ष्यांचा अभ्यास करायला तिकडे गेले. दवाखान्याचा विषय काढला तो तिथल्या लोकांनी. मग सरकारकडे रीतसर अर्ज गेला, परवानगीची वाट पाहिली गेली, आणि 1954 मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ सुरू झालं. धर्मप्रचार करायचा नाही आणि नेपाळी माणसांना काम शिकवून तयार करायचं, या अटी मान्य करून! आजच्या दहा दिवसवाल्यांना पाळकांच्या उत्तराची वाटही धरवत नाही. मी एकच करतो. पाळकांना विचारतो, "आम्ही आलो नाही तर तुमचं काय अडेल?" उत्तर "काही नाही" आलं, तर तिकिटाचे पैसे त्यांना पाठवून देतो.

अनाथाश्रमातली दुपार

मुलांना मांडीवर घेतलं, दोन गाणी शिकवली, खाऊ वाटला, रडत निघालो. हा प्रकार बंद करा. काठमांडू-पोखऱ्याच्या अशा घरांतल्या पुष्कळ मुलांचे आई-बाप जिवंत असतात. हुम्लासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून, शिक्षणाचं आमिष दाखवून दलाल त्यांना खाली आणतात. पाहुणे येतात, पाकीट देतात, म्हणून मुलं लागतात. द्यायचंच असेल तर गावच्या मंडळीमार्फत एखाद्या मुलाच्या आईला द्या, तो घरी राहून शिकेल.

बाकीच्या, भराभर

औषधं घरोघरी गोळा करून नेऊ नका. मुदत संपलेल्या पट्ट्या वेगळ्या करण्यात तिथल्या नर्सचा दिवस जातो. सोबत डॉक्टर असेल तर त्याला नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, ती आधी करा.

विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या. नुसतं आधार दाखवून भांडणारे मी विमानतळावर पाहिलेत.

जुने कपडे नकोत. नकोतच.

तिथे उपासना शनिवारी असते, सुट्टी शनिवारची म्हणून. यावर "तुम्ही सगळे ॲडव्हेंटिस्ट (शनिवार पाळणारा ख्रिस्ती पंथ) का?" हा विनोद करू नका. 25 एप्रिल 2015 चा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या जरा आधी झाला. मंडळ्या उपासनेत बसल्या होत्या आणि कित्येक जण प्रार्थनागृहाखालीच गेले. तुमच्यासमोर चटईवर बसलेल्यांत त्यांच्या घरचं कोणीतरी असतंच.

चपला बाहेर. सकाळचा डाळभात दहाच्या आसपास असतो, आठलाच नाश्ता मागू नका. उपदेश दुभाष्यासकट वीस मिनिटांत आटपा.

दिवाळीत जाऊ नका, त्यांचाही तिहार असतो आणि त्याआधी दशैं, म्हणजे दसरा. आषाढ-श्रावणातही नको. एक तर सगळं गाव भातलावणीला शेतात, आणि दुसरं म्हणजे रस्ता. जुलै 2024 मध्ये नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर दरड कोसळून दोन बस त्रिशूलीत गेल्या. फेब्रुवारी-मार्च बरा. आणि परतीचं रिझर्व्हेशन दोन दिवस हातात ठेवून काढा. कुशीनगर चुकली की गोरखपूरला पुढच्या गाड्यांचं वेटिंग पाहून भल्याभल्यांचा विश्वास डळमळतो.