इलेक्ट्रॉन-डोप केलेल्या क्युप्रेटमधील क्रम-प्राचलाची सममिती कशी ठरवावी

नीओडिमियम-सेरियम कॉपर ऑक्साइड हा इलेक्ट्रॉन-डोप केलेला, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन घातलेला, क्युप्रेट (तांबे-ऑक्सिजनच्या थरांचा अतिवाहक) आहे; क्रम-प्राचल म्हणजे त्याच्या अतिवाहक अवस्थेचे वर्णन करणारी राशी. त्याचा नमुना मोजायला घेण्यापूर्वी प्रश्न नेमका कोणता आहे, हे आधी वहीत लिहून ठेवावे. एस-तरंग सममितीत ऊर्जा-अंतर (इलेक्ट्रॉनची जोडी तोडायला लागणारी ऊर्जा ठरवणारी राशी; क्रम-प्राचलाचे चिन्ह तेच तिचे चिन्ह) फर्मी पृष्ठभागावर, म्हणजे सर्वाधिक ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांच्या सर्व दिशांत, कुठेही नाहीसे होत नाही आणि त्याचे चिन्ह सर्वत्र एकच असते. डी-तरंग सममितीत ते तांबे-ऑक्सिजन जाळीच्या कर्णांच्या दिशेने शून्य होते आणि 90 अंश वळल्यावर चिन्ह पालटते. शून्य आहे का आणि चिन्ह पालटते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक मोजमापे फक्त पहिल्याचे उत्तर देतात.

सुरुवात नमुन्यापासून करावी. 1989 मध्ये सापडलेल्या या कुळात सेरियमचे प्रमाण 0.15 च्या आसपास असताना संक्रमण तापमान (ज्याच्या खाली अतिवाहकता येते ते) साधारण 20 ते 25 केल्विन मिळते, पण तेही नमुना ऑक्सिजन कमी असलेल्या वातावरणात तापवल्यानंतरच. हे तापवणे अपुरे राहिले तर संक्रमण पसरट होते, आणि असा नमुना सममितीच्या कामासाठी सरळ बाजूला ठेवावा.

त्यानंतर चुंबकीय क्षेत्राची भेदन-खोली, म्हणजे ते अतिवाहकात किती आत शिरते ते अंतर, तापमानानुसार मोजावी. ऊर्जा-अंतर कुठेही शून्य होत नसेल तर कमी तापमानाला तिच्यातील वाढ घातांकी असते. शुद्ध डी-तरंगात ती तापमानाच्या सम प्रमाणात, आणि अशुद्धी असल्यास तापमानाच्या वर्गाप्रमाणे होते. येथेच बहुतेकांची फसगत होते. मोजमाप 4.2 केल्विनपाशी थांबवले तर संक्रमण तापमानाच्या सुमारे सहाव्या हिश्शापर्यंतच पोहोचता येते, आणि तेथे वर्ग-नियम व घातांकी नियम दोन्ही बिंदूंवरून सारखेच जातात. म्हणून 1 केल्विनच्या खाली जावे, घात मोकळा सोडून वक्र बसवावा आणि बसवण्याची वरची मर्यादा हळूहळू खाली आणावी: घात 2 पाशी स्थिर राहिला तर शून्ये मानावीत, तो वाढतच गेला तर संपूर्ण ऊर्जा-अंतर मानावे. घातांकी बसवणीतून निघालेले ऊर्जा-अंतर संक्रमण तापमानाच्या 1.76 पटीपेक्षा (बोल्ट्झमन स्थिरांकाच्या एककात) बरेच कमी आले, तर तिच्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरा सापळा खुद्द नीओडिमियमचा आहे. त्याच्या आयनांचे चुंबकीय आघूर्ण तापमान उतरत जाताना पदार्थाची पार्यता (चुंबकीय क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद) वाढवते. भेदन-खोली मोजण्याच्या अनुनादकात (ठरावीक वारंवारतेला कंप पावणाऱ्या मंडलात) मोजली जाणारी राशी भेदन-खोली आणि पार्यतेचे वर्गमूळ यांच्या गुणाकारावर अवलंबून असल्याने खोलीतील खरी घट झाकली जाते आणि आलेख सपाट, म्हणजे एस-तरंगासारखा, दिसू लागतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचे एस-तरंगाच्या बाजूचे निष्कर्ष याच कारणाने शंकेत आले. 1996 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जे. आर. कूपर यांनी ही दुरुस्ती दाखवून दिली. दुरुस्ती करता येते, पण माझ्या मते तीत गुंतण्यापेक्षा नीओडिमियमऐवजी प्रासिओडिमियम घ्यावे, कारण त्याची चुंबकीय पार्श्वभूमी फारच क्षीण असते. 2000 मध्ये अशाच प्रासिओडिमियमच्या नमुन्यांत घात-नियम, म्हणजे शून्यांची खूण, दिसून आला.

चिन्हाच्या प्रश्नासाठी त्रि-स्फटिक प्रयोग करावा. स्ट्रॉन्शियम टायटनेटचे तीन तुकडे आधार म्हणून अशा कोनांत जोडून त्यांच्यावर अतिवाहकाचे पातळ पटल चढवतात, की त्यांच्या संधिबिंदूभोवती फिरताना डी-तरंगाचे चिन्ह विषम वेळा पालटावे. अशा पटलात बाह्य क्षेत्र नसतानाही संधिबिंदूवर अर्धा फ्लक्स-क्वांटम (अतिवाहकातील चुंबकीय प्रवाहाच्या मूलभूत एककाचा निम्मा भाग), म्हणजे सुमारे 1.03 × 10⁻¹⁵ वेबर, आपोआप उभा राहतो. भौतिकशास्त्रज्ञ त्सुएई आणि किर्टली यांनी 2000 मध्ये तो नीओडिमियम व प्रासिओडिमियम अशा दोन्ही संयुगांत स्क्विड (अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाने पाहिला. चिन्ह सम वेळा पालटेल अशी नियंत्रक रचना सोबत बनवलीच पाहिजे, अन्यथा पटलात अडकलेला एखादा चुंबकीय भोवरा आणि हा परिणाम यांत फरक करणे अवघड जाते.

मात्र हा निकाल ज्या सेरियम-प्रमाणाला मिळाला त्याच्यापुरताच लिहावा. 2002 मध्ये जास्त सेरियमच्या बाजूला सममिती बदलत असल्याचे दावे झाले. शिवाय ऊर्जा-अंतराची कमाल कर्ण आणि अक्ष यांच्या मधल्या कोनात असल्याचे रामन प्रकीर्णन (विखुरलेल्या प्रकाशाच्या ऊर्जेतील बदल मोजणे) व कोनीय प्रकाश-उत्सर्जन (प्रकाशाने बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन दिशेनुसार मोजणे) या दोन्ही पद्धतींनी दाखवले आहे, त्यामुळे साध्या कोसाइनचा वक्र डोळे झाकून बसवू नये.