एआय असिस्टंटला ‘पायरी पायरीनं विचार’ वालं टूल जोडायच्या आधी

सगळ्यात आधी एक हिशोब स्वतः हातानं करून कागदावर ठेवा, टूलबिल नंतर. आमच्या मामांचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, मी तिथलाच घेतला: ३० बाय ६० इंची टॉवेल, ४०० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ४०० ग्रॅम), १००० डझन. एका टॉवेलचं क्षेत्रफळ १.१६ चौरस मीटर, वजन साधारण ४६४.५ ग्रॅम, आणि १२,००० नगांचं ५,५७४ किलो, वेस्टेज वेगळं. टूल नसताना असिस्टंटनं डझन विसरून १००० नगच धरले होते, मामांनी आकडा बघताच पकडलं, पण चूक नेमकी कुठं झाली ते त्या लांबलचक उत्तरात शोधायला मला अर्धा तास लागला. टूल पाहिजे ते ह्यासाठी.

आता हे डोक्यात पक्कं ठेवा की टूल स्वतः काहीच विचार करत नाही, ते म्हणजे वही आहे नुसती. एमसीपीवर, म्हणजे असिस्टंटला बाहेरची टूल्स जोडायच्या पद्धतीवर, चालणारं सिक्वेन्शियल थिंकिंग नावाचं टूल घेतलंत तर मॉडेलला, म्हणजे असिस्टंटच्या मागच्या एआयला, प्रत्येक वेळी लिहावं लागतं की ही कितवी पायरी, एकूण किती लागतील असा अंदाज, अजून पुढची पाहिजे का, आणि मागची पायरी दुरुस्त करत असेल तर कुठली, शिवाय दोन पर्याय तपासायचे असतील तर फाटा पण फोडता येतो, म्हणजे सूत हे घेतलं तर काय आणि ते घेतलं तर काय.

कॉम्प्युटरवर नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) टाकलेलं पाहिजे, कारण हे टूल त्याच्यासोबत येणाऱ्या एनपीएक्स कमांडनं चालतं. टूल जोडायला असिस्टंटच्या ॲपची सेटिंगची जेसन फाईल (साधी मजकुराची फाईल) बदलावी लागते, ती बदलायच्या आधी तिची कॉपी काढून ठेवा, एक स्वल्पविराम जास्त पडला तरी टूल दिसतच नाही, आणि बदल केल्यावर ॲप पूर्ण बंद करून परत चालू करा, नुसती खिडकी बंद करून भागत नाही, ते मागं चालूच असतं.

टूल कधी वापरायचं ते असिस्टंटला द्यायच्या सूचनेत स्पष्ट लिहा. जीएसएम म्हणजे काय असल्या प्रश्नाला दहा पायऱ्या कशाला, वेळ आणि टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) दोन्ही जातात. एककं बदलणारा, किंवा पाईल (टॉवेलवरचे फासे), ग्राउंड (खालचे उभे धागे) आणि बाण्याला (आडव्या धाग्यांना) सूत वाटून द्यायचा हिशोब असेल तरच वापरायचं. आणि पार्टीचं नाव, रेट काढून टाका बरं का, टूल तुमच्या कॉम्प्युटरवर चालतं खरं पण क्लाउडवरचं मॉडेल असेल तर त्या पायऱ्या तिकडंच तयार होतात.

मग कागदावरचा तोच हिशोब तीन-चार वेळा द्या, डझनाचे नग केलेली पायरी वेगळी दिसते का बघा. उत्तर आल्यावर मुद्दाम सांगा की जीएसएम ४०० नाही, ४५० आहे, आणि असिस्टंट वजनाच्या पायरीवर परत जाऊन ५२२.६ ग्रॅम करतो की नुसता शेवटचा आकडा बदलतो, ते नीट वाचा.